शांत होण्याचा हुकूम

५ जानेवारी १९५९, सोमवार

रोजनिशी आजपासून. पहिल्या चार दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं.

मी कचेरीत टेबलावर हात आपटला. कारण अर्थातच पलीकडच्या टेबलावरचा कारकून शांतलिंग. बेंबळी गावच्या कागदांची मिसल त्याच्याकडे होती आणि तो ती माझ्याकडे आहे म्हणत होता. तेही इतक्या हळू आवाजात की मला कान पुढं करावा लागला. हळू बोलणाऱ्या माणसाचा मला फार संताप येतो. हात आपटला, दौत उडाली, आणि नेमके तेव्हाच साहेब आत येत होते. पांढरी पँट. यात माझा दोष बिलकुल नाही. टेबल निजामाच्या काळातलं आहे, एक पाय आखूड.

मिसल नंतर माझ्याच खणात निघाली. ती तिथं कुणी सरकवली हे मी ओळखून आहे.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की नारायणराव पेन्शनीत निघाले, अव्वल कारकुनाची खुर्ची रिकामी आहे, सीनियर तुम्हीच आहात मार्तंडराव, पण इतका तापट माणूस मी त्या खुर्चीवर बसवायचा कसा? फेब्रुवारी अखेर कलेक्टरसाहेबांकडे नाव जाणार. तोवर शांत होऊन दाखवा. नाहीतर शांतलिंग आहेतच.

शांतलिंग आहेतच! आणि हा गृहस्थ त्या वेळी खाली वाकून स्वतःच्या रुमालानं साहेबांची पँट टिपत होता. लाज नाही, शरम नाही.

सोळा वर्षं मी त्या खुर्चीची वाट बघतोय. तेव्हा तिला पेशकाराची खुर्ची म्हणत. राज्य बदललं, नाव बदललं, खुर्ची तीच आहे. ती मी घेणार आणि शांतलिंगाला बघून घेणार.

६ जानेवारी

साहेब साताऱ्याकडचे. विलीनीकरणापासून तिकडचे साहेब इकडं येतात आणि आम्हांला सुधारतात. आज आमचे म्हणाले, कारकुनांची डोकी दुखतात, छातीत जळजळतं, भांडणं होतात, या सगळ्याचं मूळ एकच, टेन्शन. आपल्या कचेरीत फार टेन्शन आहे. बलभीम शिपाई दाराशी उभा होता. तो म्हणाला, साहेब, आपल्या गावाला कुठलं टेशन, येडशीला जावं लागतंय. साहेब हसले. मी हसलो नाही. शिपायाच्या विनोदाला अव्वल कारकून हसत नसतो.

उद्यापासून कचेरी उघडण्याआधी व्हरांड्यात सतरंजी टाकून व्यायाम. मान फिरवायची, खोल श्वास घ्यायचा, शेवटी शवासन. निजामाच्या राज्यात असलं काही नव्हतं. तेव्हा टेन्शन नव्हतं, फक्त भीती होती.

पण मी विचार केला. साहेबांना शांत माणूस हवा आहे ना? घ्या मग. असा शांत होतो की शांतलिंगाला स्वतःच्या नावाची लाज वाटली पाहिजे. सूड घ्यायचा तर थंड डोक्यानं. व्यायाम मन लावून करणार.

८ जानेवारी

शवासन जमलं. साहेब सांगत होते, पायाचा अंगठा सैल सोडा, घोटा सैल सोडा, गुडघा सैल सोडा. मनात विचार आले तर येऊ द्या, त्यांच्याकडं बघू नका. माझ्या मनात एकच विचार आला आणि तो हुबेहूब शांतलिंगासारखा दिसत होता. मी बघत नव्हतो, तर तो माझ्याकडं बघत होता.

मग युक्ती काढली. सतरंजीवर मी पडलेलोच नाही, शांतलिंग पडला आहे, असं धरून चाललो. अंगठा सैल. घोटा सैल. नाकात कापूस. फार बरं वाटलं. साहेब माझ्यापाशी थांबून म्हणाले, वा मार्तंडराव, चेहऱ्यावर काय समाधान आहे!

पलीकडं शांतलिंग चक्क घोरत होता. मी हे साहेबांच्या लक्षात आणून दिलं. साहेब म्हणाले, याला म्हणतात पूर्ण विश्रांती, सगळ्यांनी असं सैल पडायला शिका. घोरण्याचीही तारीफ!

१० जानेवारी

खुर्ची मिळाल्यावर काय काय करायचं ते शवासनात पक्कं होत चाललं आहे. शांतलिंगाचं टेबल संडासाच्या बाजूच्या खिडकीशी. उन्हाळ्यात वाशीचा दौरा त्यालाच, आणि तोही भर दुपारच्या मोटारीनं. रजेचा अर्ज आला की आधी तीन दिवस नुसता ठेवून द्यायचा, मग शेरा मारायचा, कारण स्पष्ट करावे. कारण स्पष्ट केलं की शेरा मारायचा, कारण पुरेसे नाही.

मन हलकं झालं. साहेब म्हणतात ते खोटं नाही, या व्यायामानं खरंच गुण येतो.

१२ जानेवारी

मान धरली. साहेब म्हणाले होते हळू फिरवा. पण शांतलिंग हळू फिरवत होता म्हणून मी जोरात फिरवली. कट्‌ असा आवाज झाला. आता मान डावीकडं वळते, उजवीकडं वळत नाही. शांतलिंगाचं टेबल डावीकडं आहे. दिवसभर त्याच्याकडंच बघावं लागलं. मधे एकदा तो उठून माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, काही हवंय का मार्तंडराव?

रात्री बायकोनं, शामलानं, मिठाचा शेक दिला. शेकताना विचारलं, हा व्यायाम कशासाठी असतो? मी म्हणालो, टेन्शन जाण्यासाठी. ती म्हणाली, मग माझ्यासाठी पण एखादा विचारून या.

१४ जानेवारी, संक्रांत

पूर्ण तयारीनं गेलो. ठरवलं होतं की साहेबांच्या देखत शांतलिंगाला तिळगूळ द्यायचा, गोड हसायचं, पाठीवर हात ठेवायचा. साहेबांनी बघितलं असतं की हा माणूस किती बदलला. शामलाकडून खास पाकाचा करून घेतला होता.

तर हा गृहस्थ रजेवर! सिद्धेश्वराच्या जत्रेला सोलापूरला गेला. दरवर्षी जातो म्हणे. हे मुद्दाम केलं. मी गोड बोलणार याचा त्याला वास लागला असणार. त्याच्या वाटणीचा तिळगूळ मी त्याच्या रिकाम्या टेबलाकडं बघत स्वतःच खाल्ला. दाताचं सिमेंट निघालं.

१७ जानेवारी

शांतलिंग परतला. माझ्यासाठी जत्रेतून सोलापुरी चादर आणली. म्हणाला, सतरंजी गार लागते, तुमची मान धरलीय, शवासनाला ही अंथरून घ्या.

शवासनाला चादर! मी काय दूधखुळा आहे? माझ्या अंगावर चादर टाकायची घाई झालीय याला. वर हसतो. मी शांतपणे घेतली. साहेब बघत होते म्हणून घेतली. नाहीतर तिथंच त्याच्या अंगावर फेकली असती.

घरी नेऊन शामलाला म्हणालो, ही चुलीत घाल. तिनं उलटीसुलटी करून बघितली, पोत चांगला आहे म्हणाली, आणि पलंगावर घातली. थंडी फार असल्यामुळं मी ती पांघरतो. याला मैत्री म्हणता येणार नाही.

२३ जानेवारी

एका नाकपुडीनं श्वास घ्यायचा, दुसरीनं सोडायचा. या प्रकारात आपण सगळ्यांच्या पुढं असणार अशी माझी खात्री होती, कारण माझं नाक घराण्यात नावाजलेलं आहे. परंतु सकाळी तपकीर ओढली होती हे लक्षात राहिलं नाही. शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. साहेब दोन पावलं मागं सरले. शांतलिंगानं पाण्याचा तांब्या पुढं केला. दुसऱ्याला पाणी पाजून मोठं व्हायचं, ही त्याची जुनी चाल.

तपकीर सोडली. आजपासून. कायमची.

२४ जानेवारी

तपकिरीशिवाय मिसली वाचता येत नाहीत असं दिसून आलं. सरकारी कामाचं नुकसान करणं मला पटत नाही. तपकीर परत सुरू.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. नंतर साहेबांनी भाषणात सांगितलं की आपल्या कचेरीत व्यायामाचा सर्वांत चांगला परिणाम शांतलिंग यांच्यावर झाला. माझ्यावर परिणाम व्हायला हवा होता, त्याच्यावर होऊन काय उपयोग? तो आधीपासूनच ढिम्म आहे. दगडाला शांत म्हणून शाबासकी द्यायची, यात काय अर्थ?

मी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जास्त वाजवल्या. मग कचेरीमागं जाऊन शांतलिंगाच्या सायकलीला लाथ मारली. ती सायकल त्याची नव्हती, पोस्टमनची होती. अंगठा सुजला. उद्या अंगठा सैल सोडताना त्रास होणार.

२ फेब्रुवारी

शामलाचं म्हणणं असं की मी कचेरीत शांत व्हायला लागल्यापासून घरी आवाज दुपटीनं वाढला आहे. आधी थोडं तिकडं ओरडत होतात, थोडं इकडं. आता सगळं इकडं. असं म्हणाली. मी तिला ओरडून समजावलं की ही तात्पुरती व्यवस्था आहे, खुर्ची मिळाली की पुन्हा तिकडं ओरडेन. ती म्हणाली, देवी करो आणि लवकर मिळो.

तिला माझं चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं.

९ फेब्रुवारी

आज सगळं उघड झालं. शांतलिंग साहेबांच्या खोलीत, दार बंद. मी सहज दाराशी गेलो. मान डावीकडं वळत असल्यामुळं कान आपोआप दारालाच लागतो. त्या माणसाचा आवाज मेला ऐकू येईल तर शपथ! साहेबांचंच तेवढं ऐकू आलं. मार्तंडराव? असं म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, हे तुम्ही सांगताय? आश्चर्य आहे. मग म्हणाले, बरं बरं, लक्षात ठेवतो.

चहाडी! समोर चादरी द्यायच्या आणि आत जाऊन गळा कापायचा. अंगाचा तिळपापड झाला. तरी मी ओरडलो नाही. दारापासून दूर झालो, खोल श्वास घेतला, आणि विहिरीवर जाऊन तिथं जे बोलायचं ते बोललो. विहिरीतून सगळं परत ऐकू आलं.

आता दया नाही. वाशीचा दौरा तर आहेच, पण तामलवाडीला पायी पाठवणार.

१६ फेब्रुवारी

साहेब तेवीस तारखेपासून वाशीच्या दौऱ्यावर. कलेक्टरसाहेबांकडे नाव तिथूनच पाठवणार, तिथल्या पोलीस ठाण्यात फोन आहे. म्हणजे माझ्याकडं एक आठवडा. या आठवड्यात मी शांत झालो आहे हे साहेबांच्या कानावर गेलं पाहिजे. स्वतः जाऊन सांगितलं तर चांगलं दिसत नाही.

२१ फेब्रुवारी

या आठवड्यात कुणावरही ओरडलो नाही, फक्त किरकोळ. साहेबांनी हे बघितलं नाही, ते दौऱ्याच्या तयारीत होते. मुद्दाम त्यांच्या खोलीवरून मंद हसत चारदा गेलो. पाचव्यांदा त्यांनी विचारलं, दात दुखतो का?

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी

विजय! निर्भेळ विजय! आज मी शांत झालो.

बेंबळीचा रामकिसन आला होता. त्याला सातबाऱ्याची नक्कल हवी. भर कचेरीत मला म्हणाला, किती हेलपाटे मारू म्या? तुमी काय खुर्चीत मुळ्या धरल्या का? सगळे बघत होते. माझा हात दौतीपर्यंत गेला. आणि मग मी काय केलं? उठलो. एक शब्द बोललो नाही. मागच्या दफ्तरखान्यात गेलो, कागदांच्या गठ्ठ्यांमधे भुईवर आडवा झालो, डोळे मिटले. अंगठा सैल, घोटा सैल. गुडघ्याच्या पुढं काय झालं ते आठवत नाही. बलभीम शोधत आला आणि त्यानं हलवलं तेव्हा दुपार उलटली होती. रामकिसन वाट बघून बघून गावी गेला होता.

बलभीम म्हणाला, रावसाहेब, लई गाढ झोपला व्हता. मी त्याला समजावलं की ही झोप नव्हे, ही साधना.

दैवयोग बघा, उद्या सकाळच्या मोटारीनं बलभीमच डाक घेऊन वाशीला साहेबांकडं निघाला आहे. आत्ता घरी डाकेची पिशवी न्यायला आला होता. मी त्याला पाटावर बसवून नीट पढवलं. साहेबांना एवढंच सांगायचं, मार्तंडराव शांत झाले. बस्स. जास्तीचं एक अक्षर बोलायचं नाही, शिकवून पाठवल्यासारखं वाटतं. दात काढायचे नाहीत, तोंड गंभीर ठेवायचं. साहेबांनी काही विचारलं तर जे घडलं ते खरं खरं सांगायचं. मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा असं काही म्हणाला की मी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

शामला स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, खरंच शांत झालात? सुटले बाई एकदाची!

आता शांतलिंगानं खुशाल चहाड्या कराव्यात.

२५ फेब्रुवारी, पहाटे

दोन दिवसांची रजा. तुळजापूरला निघालो. देवीला बोललो होतो की खुर्ची मिळाली तर साडीचोळी. मिळणारच आहे, तर आधीच नेसवून टाकावी. साहेब दौऱ्यावर, म्हणून रजेचा अर्ज काल शांतलिंगाकडंच द्यावा लागला. त्यानं ताबडतोब मंजुरीला लावला, कारण विचारलं नाही. असल्या ढिलेपणानं कचेरी चालत नसते.

२६ फेब्रुवारी, तुळजापूर

दर्शन झालं. चुलतभावाकडं उतरलोय. त्यांच्याकडं सगळ्यांना सांगून टाकलं की अव्वल कारकून झालो. हुकूम यायचा आहे एवढंच. वहिनींनी पुरण घातलं.

शवासन केलं नाही. आता काय गरज?

२८ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं घडलं. तरी लिहितो.

सकाळच्या मोटारीनं तुळजापूरहून थेट कचेरीत आलो. कपाळभर कुंकू, हातात प्रसादाचा नारळ. साहेब दौऱ्यावरून नुकतेच आलेले. व्हरांड्यात सगळे व्यायामाला उभे होते. मी खांबामागच्या माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. साहेबांची मान खाली. सतरंजी आज नव्हती. साहेब बारीक आवाजात म्हणाले, सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहा, डोळे मिटा.

मला वाटलं, नवीन आसन. सगळ्यांनाच वाटलं. मी इतका स्तब्ध उभा राहिलो की माशी बसली तरी हललो नाही. बघू दे साहेबांना, म्हटलं.

मग साहेब बोलायला लागले. म्हणाले, आपल्यातून एक जुना सहकारी निघून गेला. मी मनात म्हटलं, अरेरे, कोण बरं? म्हणाले, माणूस तापट होता, पण कामाला चोख होता. अव्वल कारकुनाची खुर्ची मी त्यांनाच द्यायची ठरवली होती. मी मनात म्हटलं, हे काय भलतंच, माझ्याआधी आणखी कुणाला? साहेब म्हणाले, शांतलिंग स्वतः माझ्या खोलीत येऊन सांगून गेले होते की खुर्चीवर मार्तंडरावांचाच हक्क आहे, ते वरून तापतात, आतून वाईट नाहीत, मला नको, त्यांना द्या. पण आता इलाज नाही. बुधवारी ही बातमी आली, गुरुवारी मी शांतलिंगांचं नाव पाठवलं, काल कलेक्टरसाहेबांची सही झाली. मार्तंडरावांच्या आत्म्याला शांती लाभो.

मी खांबाच्या बाहेर आलो. ओरडलो, मी इथं आहे! मी मेलेलो नाही! साहेबांनी डोळे उघडले, माझं कुंकू बघितलं, आणि जिथं होते तिथंच खाली बसले.

बलभीमाची गचांडी धरली. तो रडायच्या बेतात येऊन म्हणाला, तुमी सांगितलं तेवढंच बोललो की म्या! साहेबांनी विचारलं, कधी? म्या म्हणलं, काल दुपारी. कुठं? दफ्तरखान्यात, भुईवर. फार तरास झाला का? म्या म्हणलं, आधी लई भडकले व्हते, मग आत गेले, आडवे झाले, डोळे मिटले अन् शांत झाले. घरी कळवलं का? व्हय, म्या व्हतोच तितं. बाईसाहेब काय म्हणाल्या? म्हणाल्या, सुटले बाई एकदाची. साहेबांनी टोपी काढली. म्या मनात म्हणलं, सायबांना खुशी झाली आसंल. तुमीच म्हणला व्हता, जास्तीचं बोलू नगं, दात काढू नगं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. साहेबांनी ठाण्यातून फोन करून खात्री करून घेतली. फोन शांतलिंगानं घेतला. साहेबांनी विचारलं, मार्तंडराव गेले म्हणतात, खरं का? हा म्हणाला, हो, आज सकाळीच गेले, तुळजापूरला. साहेब समजले, मूळ गावी नेलं.

इथं माझं डोकं गेलं. दोन महिने जे साठवलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. शांतलिंगाला म्हणालो, ढोंगी, आतल्या गाठीचा, जिवंत माणसाला गेला म्हणून सांगतोस! चादरीचं काढलं. घोरण्याचं काढलं. बेंबळीच्या मिसलीचं काढलं. हातातला नारळ सुटला आणि पाण्याचा रांजण फुटला. साहेब तिथंच बसलेले होते.

शांतलिंग काहीतरी म्हणाला. मला कान पुढं करावा लागला. म्हणत होता, तुम्ही आहात हे बघून फार बरं वाटलं मार्तंडराव.

१ मार्च, रविवार

दुपारी शांतलिंग घरी आला. शामलानं त्याला आत घेतलं, वर चहा टाकला. मी बाहेर येणार नव्हतो, पण त्याचं बोलणं आतून ऐकू येईना म्हणून यावं लागलं.

म्हणाला, चूक माझी झाली, फोनवर नीट बोलायला हवं होतं. मी कलेक्टरसाहेबांना लिहून देतो की मला खुर्ची नको, ती तुमची आहे. साहेबांशी बोलून आलोय. ते कालच्या प्रकारानं नाराज आहेत, पण मी आग्रह धरला तर ऐकतील.

शामला दाराआडून मला खुणा करत होती. हो म्हणा, हो म्हणा.

पण मी असा फसणारा नाही. आज हा खुर्ची देणार, आणि उद्या गावभर सांगणार की मार्तंडरावांना मी खुर्ची दिली. जन्मभर त्याच्या उपकाराखाली! यालाच म्हणतात गोड बोलून मारणं. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, तुमची भीक नको. मीच लिहून देतो की मला ती खुर्ची नको. तो म्हणाला, मार्तंडराव, रागात काही करू नका. मी म्हणालो, राग? कुणाला आलाय राग?

त्याच्यासमोर कागद घेतला, लिहिलं, सही ठोकली, त्याच्याच हातात दिला आणि म्हणालो, जा, द्या साहेबांना. चहा अर्धा ठेवून गेला. काय चेहरा झाला होता!

हिशेब सरळ आहे. उद्या साहेब माझा कागद वाचणार, हबकणार, मला बोलावणार, समजूत घालणार. इतका निःस्पृह माणूस त्यांनी बघितला नसेल. मी थोडा वेळ नाही नाही म्हणेन. मग कचेरीच्या हिताखातर स्वीकारेन. शांतलिंगाचा उपकारही नाही आणि खुर्चीही आपली. शामलाला हे समजावून सांगितलं. ती कप उचलून आत गेली.

२ मार्च, सोमवार, दुपारी चार

साहेबांनी अजून बोलावलं नाही. विचार करत असतील.

साडेचार

बलभीमाला आत पाठवून सहज चौकशी केली. म्हणाला, साहेबांनी सकाळीच तुमचा कागद वाचला, सुस्कारा सोडला अन् खाली सही केली. मंजूर म्हणाले. काय मंजूर, रावसाहेब?

३ मार्च

शांतलिंग नारायणरावांच्या खुर्चीवर बसला. बसण्याआधी माझ्या टेबलापाशी आला. माझा चेहरा बरा दिसत नाही म्हणाला. आज घरी जाऊन पडा, अर्ज उद्या दिला तरी चालेल. टेबल कुठं हलवायचं का, हेही विचारलं. मला मारुतीच्या देवळाकडच्या खिडकीशी वारा आवडतो हे त्याला कुठून ठाऊक, कोण जाणे.

पुष्कळ बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि बरं साहेब म्हणालो.

सगळ्यांनी ऐकलं.